‘कोणी नाही’ : नागपुरातल्या एका ब्रेकअप गाण्याचं प्रकरण

प्रतापनगरात माझा लहानसा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. दोन खोल्या आणि मधे दुहेरी काच. भजनांचे अल्बम, शाळांची स्नेहसंमेलनाची गाणी, निवडणुकीच्या प्रचाराच्या क्लिपा, असं सगळं इथे होतं. वर्षातून दोन-तीनदा एखादा बँड स्वतःची मराठी गाणी घेऊन येतो, तेव्हा मला फार आनंद होतो. हे प्रकरण अशाच एका बँडचं आहे. पाच जण, सगळे तिशीच्या आतले.

लिहिण्याआधी दोघांना विचारलं आणि लिहून झाल्यावर दोघांना वाचायला दिलं. नावं नाहीत. गाणं लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या मुलाला मी गायक म्हणते. ज्या मुलीवर ते लिहिलं गेलं ती त्याच बँडमध्ये व्हायोलिन वाजवते. गाण्यात तिच्या आईच्या दुकानाच्या पाटीवरचा एक शब्द होता. तो खरा शब्द इथे नाही. त्याच्या जागी कोणता वापरायचा ते तिनेच सुचवलं: ‘पिको-फॉल’. खालच्या ओळी त्या बदलासकट आहेत.

काय घडलं

दोघं चार वर्षं सोबत होते. जुलै २०२४ मध्ये तुटलं. बँड मात्र तुटला नाही, कारण मार्चपर्यंतच्या कार्यक्रमांचा ॲडव्हान्स घेऊन झाला होता आणि त्यातून नवा ॲम्प्लिफायर आला होता. तीन महिने दोघं एकमेकांशी फक्त बँडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलत होते. ‘पाचला पोहोचतो’, ‘केबल आणजो’, एवढंच.

नोव्हेंबरमध्ये एका सरावाला त्याने नवं गाणं आणलं. गिटारच्या दांडीवर लावलेल्या कॅपोकडे बघत गायलं, मान वर केली नाही. मुखडा असा होता:

पिको-फॉलच्या पाटीखाली
उभा राहिलो रोजच्यासारखा,
मशीन थांबली, आतून हाक :
कोण आहे गं? – कोणी नाही.

गाणं संपल्यावर कोणी बोलेना. शेवटी बेस वाजवणाऱ्या मुलाने विचारलं, “पट्टी हीच ठेवायची का?” तिने केसमधून व्हायोलिन काढलं, तिच्या गजाला, म्हणजे बोला, राळ लावली आणि ‘कोणी नाही’नंतरच्या मोकळ्या जागेत चार मात्रांची एक ओळ बसवली. पंचमावरून खाली येते, ऋषभावर थांबते, षड्जावर येतच नाही. ऐकणारा ‘सा’ची वाट पाहत राहतो आणि तेवढ्यात पुढचा अंतरा सुरू होतो. त्या ओळीशिवाय ते गाणं आता मला ऐकवत नाही. जिच्यावर गाणं आहे तिनेच त्यातली सगळ्यात दुखरी जागा रचली, आणि पुढचा सगळा गुंता याच गोष्टीमुळे झाला.

डिसेंबरमध्ये धरमपेठेतल्या एका कॅफेत त्यांनी ते पहिल्यांदा लोकांसमोर म्हटलं. हिवाळी अधिवेशनाचे दिवस, गावात बाहेरची माणसं भरपूर, कॅफे तुडुंब. कोणीतरी मोबाइलवर शूट केलं. दोन दिवसांत ती क्लिप जुन्या नागपुरातल्या तिच्या गल्लीत पोहोचली. गाण्यात तिचं नाव नव्हतं, आडनाव नव्हतं, मोहल्ला नव्हता. पण तसली पाटी, आत शिलाई मशीन, आणि व्हायोलिनची केस पाठीला लावून जिना उतरणारी मुलगी, एवढं जुळवायला गल्लीला नाव लागत नाही.

ब्लाउजचं माप देताना एका गिऱ्हाइकाने आईला विचारलं, “मग कोण होता काकू तो?” आईने टेप गुंडाळून ठेवला आणि माप उद्या घेऊ म्हणाली. रात्री जेवताना लेकीला एकच गोष्ट बोलली. ती मी तिच्या परवानगीने देते: “तू ‘कोणी नाही’ म्हणालीस ते मी ऐकलं होतं. ते लोकांनी काऊन ऐकावं?”

दोघांचं म्हणणं

तिने त्याला मेसेज केला. गाणं गाऊ नकोस असं म्हटलं नाही. लिहिलं होतं, “पाटी काढ.” तो नाही म्हणाला. जानेवारीतली माझ्या स्टुडिओची तारीख ठरली होती, त्यामुळे दोघांनी मला वेगवेगळे फोन केले.

त्याचं म्हणणं खोडून काढायला सोपं नव्हतं. “ताई, मी काही खोटं लिहून राहिलो का? त्या पाटीखाली मी चार वर्षं उभा राहिलो. ते माझे पण दिवस आहेत ना? ती पाटी काढली तं गाण्यात राहिलं काय?” या शेवटच्या प्रश्नात तो लेखक म्हणून शंभर टक्के बरोबर होता. ‘पिको-फॉल’ शब्द आला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर रस्ता येतो, दोरीवर लटकवलेल्या साड्या येतात, मशीनच्या तेलाचा वास येतो. विरहाच्या गाण्यांत चंद्र, पाऊस, रिकामी खुर्ची हे सगळ्यांचं असतं. पाटी फक्त याच गाण्याची होती.

तिचं म्हणणं ऐकायला वेळ लागला, कारण ती आधी तक्रार करतच नव्हती, विचारल्याशिवाय सांगतही नव्हती. ज्या दिवशी ती आतल्या आवाजाला ‘कोणी नाही’ म्हणाली त्या आठवड्यात तिच्या मोठ्या बहिणीचं स्थळ ठरत होतं. रविवारी मंडळी बघायला येणार होती. ताईचं एकदा ठरू दे, मग घरी सांगू, असं तिने मनाशी ठरवलं होतं आणि त्यालाही सांगितलं होतं. “तो आठवडा गाण्यात कुठं आहे?” तिने मला विचारलं.

ब्रेकअपच्या गाण्याची खरी अडचण मला या प्रश्नात दिसली. एरवी अशा गाण्यावर वाद होतो तो नाव घेतलं की नाही, शिवी दिली की नाही, यावर. इथे नाव नव्हतं, शिवी नव्हती, एक अक्षरही खोटं नव्हतं. गाण्याने तिचा शब्द ठेवला आणि आठवडा गाळला. तीन मिनिटांच्या गाण्याला ते करावंच लागतं, ताईचं स्थळ मुखड्यात बसत नाही. पण ऐकणाऱ्याला काय गाळलंय ते कळायचा मार्गच नसतो.

‘बकिंगहॅमने तरी काढलं का?’

गायकाने माझ्यापुढे ठेवलेला दाखला फ्लीटवूड मॅक या ब्रिटिश-अमेरिकन रॉक बँडचा. बँडमध्ये काम करणारी पोरं या गोष्टी तोंडपाठ ठेवतात. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचा ‘रूमर्स’ हा अल्बम रेकॉर्ड होत होता तेव्हा बँडमधली दोन नाती एकाच वेळी तुटत होती. क्रिस्टीन आणि जॉन मॅकव्ही हे नवरा-बायको वेगळे झाले होते, आणि लिंडसे बकिंगहॅम व स्टीव्ही निक्स हे जोडपंही. बकिंगहॅमने निक्सवर ‘गो युअर ओन वे’ लिहिलं. त्यातल्या एका ओळीत तिच्या चारित्र्याबद्दल सूचक टोमणा आहे. ती ओळ खोटी आहे, काढ, असं तिने सांगितलं. त्याने काढली नाही. आणि मागचा सूर लावायला तीच उभी. तो अल्बम फेब्रुवारी १९७७ मध्ये आला आणि जगभर चार कोटींहून जास्त प्रती गेल्या.

“मग?” गायक म्हणाला. “बकिंगहॅमने तरी काढलं का? गाणं आज पण उभं आहे.”

उभं आहे, खरंच. पण त्या अल्बममध्ये आणखी काय आहे ते मी त्याला आठवून दिलं. त्याच रेकॉर्डवर निक्सचं ‘ड्रीम्स’ आहे, तिच्या बाजूने त्याच ताटातुटीवर लिहिलेलं, आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं ते तिचं गाणं. क्रिस्टीननेही आपल्या बाजूची गाणी लिहिली. म्हणजे ऐकणाऱ्याच्या हातात एकाच तबकडीवर वादी-प्रतिवादी दोघं होते. शिवाय निक्सचं आणखी एक गाणं, ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’, लांबीमुळे अल्बममधून कापलं गेलं आणि एका सिंगलच्या, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूवर टाकलं गेलं. ‘गो युअर ओन वे’च्याच. वीस वर्षांनी, १९९७ च्या पुनर्मीलनाच्या मैफलीत, तिने ते बकिंगहॅमच्या डोळ्यांत बघत गायलं. ती फीत ज्याने पाहिली त्याला कळतं की कापलेलं गाणं मरत नाही, ते आतमध्ये वीस वर्षं तसंच थांबतं.

कॅहॉन, म्हणजे लाकडी खोक्याचा ड्रम, वाजवणाऱ्या मुलाने ‘डोन्ट स्पीक’ या गाण्याची आठवण काढली, आणि ती आमच्या प्रकरणाच्या जास्त जवळची. नो डाउट या अमेरिकन बँडची गायिका ग्वेन स्टेफानी आणि बेस वाजवणारा टोनी कनाल सात वर्षं सोबत होते. आधी प्रेमगीत म्हणून सुरू झालेलं ते गाणं नातं तुटल्यावर तिने बदललं आणि १९९५ च्या अल्बममध्ये घेतलं. पुढे ते जगभर वाजलं आणि दौऱ्यांत कनालला रोज स्टेजवर उभं राहून स्वतःवरच्या गाण्याला बेस द्यावा लागला. मला या गोष्टीत नेहमी कनालच दिसतो.

तिसरा दाखला मी दिला, ‘आबा’ या स्वीडिश बँडचा. ‘द विनर टेक्स इट ऑल’ १९८० मधलं. बँडमधल्या ब्यॉर्न उल्व्हेउस आणि अग्नेथा फेल्टस्कॉग यांचा संसार मोडला, शब्द त्याने लिहिले आणि हरलेल्या बाईच्या तोंडून ते गायला तिला दिले. उल्व्हेउस पुढे म्हणत राहिला की आमच्या घटस्फोटात कोणी जिंकलं-हरलं नव्हतं, गाण्यातला प्रसंग आमचा नाही, भावना तेवढी तिथून आली. मला हा फरक फार कामाचा वाटतो. त्याने दुःख आपल्या घरातलं घेतलं आणि तपशील बाहेरचा लावला. आमच्या गायकाने उलट केलं होतं: तपशील तिच्या घरातला होता.

एक गोष्ट मी त्याला स्पष्ट सांगितली. ही सगळी प्रसिद्ध माणसं. गायिका शकीराने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या आधीच्या जोडीदारावर, फुटबॉलपटू जेरार्ड पिकेवर, गाणं केलं, महागडी फेरारी देऊन साधी ट्विंगो गाडी घेतलीस असं सुनावलं, आणि काही दिवसांत पिके ट्विंगो चालवत एका कार्यक्रमाला आला. त्याच्याकडे कॅमेरे होते, उत्तर द्यायला जागा होती. ब्लाउजचं माप घेणाऱ्या बाईकडे कुठली जागा?

आपल्याकडे हा प्रश्न आधी का पडला नाही

भावगीतांवर वाढलेल्या आमच्या घरात विरहाची गाणी सकाळ-संध्याकाळ वाजायची. ‘ती’ कोण, असं कोणी कधी विचारलं नाही. याचं एक साधं कारण आहे: आपल्याकडे गाणं तिघांचं असतं. ‘मालवून टाक दीप’ घ्या. शब्द सुरेश भटांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लताबाईंचा. त्यातला ‘मी’ नक्की कोणाचा? कोणाचाच नाही, म्हणून ऐकणाऱ्या प्रत्येकाचा. भट अमरावतीचे, पण आयुष्याचा मोठा काळ नागपुरात गेला, आणि या गावाच्या कानाला मराठी गझलेची सवय त्यांनी लावली. गझलेतला प्रियकर किंवा प्रेयसी म्हणजे शतकानुशतकं वापरात असलेलं एक पात्र. त्याचा पत्ता कोणी मागत नाही.

बँडमध्ये ही तिन्ही माणसं एक होतात. लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा एकच, आणि तो समोर उभा. मग त्याच्या ‘तू’ला आपोआप पत्ता चिकटतो. कॅफेतल्या पोरांनी क्लिपखाली पहिली गोष्ट विचारली ती हीच, की ही कोण? त्या पोरांना मी दोष देत नाही. गाणं ज्या पद्धतीने त्यांच्यापर्यंत आलं, त्या पद्धतीतच तो प्रश्न आहे.

कायद्याचं थोडं

कोर्टात कोणी गेलं नाही आणि जायचा विचारही नव्हता. पण स्टुडिओ चालवताना मला काही गोष्टी माहीत असाव्या लागतात, त्या मी दोघांनाही सांगितल्या. नाव घेतलं नाही म्हणजे सुटलो, हा समज चुकीचा. ओळखणाऱ्यांना ओळख पटली की बदनामीचा प्रश्न उभा राहू शकतो. जुलै २०२४ पासून हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. फौजदारी बदनामीत ‘पण ते खरं होतं’ एवढं म्हणून भागत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. या गाण्यात बदनामी होती असं मला वाटत नाही. खासगीपणाला धक्का होता, आणि तो वेगळा विषय.

दुसरी गोष्ट तिच्या फायद्याची होती आणि ती तिला माहीतच नव्हती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाण्याचे शब्द आणि गाण्याचं संगीत ही दोन वेगळी कामं आहेत. शब्द त्याचे. पण त्या चार मात्रा तिने रचल्या होत्या, त्यामुळे संगीतात तिचा वाटा होता. तिच्याशिवाय हे गाणं बाहेर काढणं त्याला सरळ जमलं नसतं. हे ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “ताई, हे त्याला माझ्याकडून म्हणून नका सांगू. अडवायचं नाहीये मला.” मी दोघांना एकत्र बसवून, माझ्याकडून म्हणून सांगितलं.

पैशाच्या बाबतीत अमेरिकन गायक मार्विन गे याची गोष्ट त्यांना ऐकवली. घटस्फोटात तडजोड अशी झाली की पुढच्या अल्बमच्या रॉयल्टीतला अर्धा हिस्सा आधीच्या बायकोला, ॲना गॉर्डीला, मिळेल. त्याने १९७८ मध्ये त्या लग्नावरच आख्खा दुहेरी अल्बम केला. तिच्या हातात हिस्सा आला आणि घरातलं सगळं चव्हाट्यावरही आलं. वाटा मिळाला म्हणजे भरपाई झाली, असं नसतं.

रेकॉर्डिंगचा दिवस

जानेवारीतली सकाळ, सगळ्यांच्या अंगात स्वेटर, थंडीने व्हायोलिनच्या तारा सारख्या उतरत होत्या. येताना बेसवाल्याने तर्री-पोह्यांचं पार्सल आणलं होतं, ते बाहेरच्या खोलीत थंड होत पडलं.

गायकाने आदल्या रात्री ओळीचे पर्याय लिहून आणले होते. तो येईल पण बदलणार नाही, असं मला वाटत होतं, आणि त्याबद्दल मी त्याच्यावर अन्याय केला हे इथे कबूल करते. वहीच्या पानावर सात ओळी खरडलेल्या होत्या. ‘बंद शटरच्या पायरीवर’ होतं, ‘तुझ्या गल्लीच्या वळणाला’ होतं, ‘दिवा लागल्या दारापाशी’ होतं. मी त्याला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, “आईचा आवाज आहे ना त्यात. हाक माझी नाही, त्यांची आहे. ते मला परवा कळलं.”

त्याने सातही ओळी तिला वाचून दाखवल्या. काचेच्या पलीकडे दोघं, मी अलीकडे, आतले माइक बंद करायला विसरलेले. तिने ‘बंद शटरच्या पायरीवर’ निवडली. मग त्याने विचारलं, “आणि मशीन? हाक?” मशीनही काढू म्हणाली. त्याने ‘कडी वाजली, आतून हाक’ केलं.

पुढे तो अडखळत म्हणाला, “‘कोणी नाही’ पण बदलतो मी. हवं असेल तर.”

तिने बो सैल केला, परत घट्ट केला. म्हणाली, “ते राहू दे. ते मी खरंच म्हटलं होतं.”

तिसऱ्या टेकला गाणं झालं. त्या टेकमध्ये ‘कोणी नाही’नंतर ती अर्धी मात्रा उशिरा आली. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी संगणकावर ते नोट जागेवर सरकवलं असतं. हे सरकवलं नाही.

आता माझं प्रामाणिक मत. बदललेली ओळ आधीच्या ओळीपेक्षा फिकी आहे. ‘बंद शटर’ कुठल्याही गावातलं आहे, ‘पिको-फॉल’ एकाच गल्लीतलं होतं. मुखड्यातला सगळ्यात जिवंत शब्द गेला, आणि मी गाण्यावर प्रेम करणारी बाई असल्याने तो गेल्याचं मला वाईट वाटतं. तरीही तो काढणंच योग्य होतं असं मी म्हणते. तो शब्द त्याने त्या दाराबाहेर उभं राहून मिळवला होता, पण पाटी रंगवली होती आईने, आणि त्या पाटीवर तिचं पोट चालतं. आपल्या दुःखाचं गाणं करायला कोणाची परवानगी लागू नये. दुसऱ्याच्या घराचा दरवाजा त्यात घ्यायचा असेल तर त्या घरात आधी ऐकवावं. नोव्हेंबरच्या त्या सरावाच्या आधी त्याने तिला एकटीला गाणं ऐकवलं असतं, तर मधल्या दोन महिन्यांतलं बरंच काही टळलं असतं. तिने ऐकलं ते चौघांसमोर, आणि चौघांसमोर माणूस व्हायोलिनच वाजवू शकतो.

त्यानंतर

गाणं मार्चमध्ये ऑनलाइन म्युझिक प्लॅटफॉर्मवर गेलं. अपलोडच्या फॉर्ममध्ये गीतकाराच्या रकान्यात त्याचं नाव आहे, संगीतकाराच्या रकान्यात दोघांचं. बँड अजून एकत्र आहे. स्टेजवर मधे आता कीबोर्डवाला उभा राहतो, पूर्वी दोघं शेजारी असायचे.

कॅफेतली क्लिप ज्या मुलाने टाकली होती त्याला गायकाने स्वतः जाऊन भेटून काढायला लावली. त्याने लगेच काढली. पण तोवर ती किती ग्रुपांवर गेली होती कोणास ठाऊक. दिवाळीच्या शिलाईच्या गर्दीत एका नव्या गिऱ्हाइकाने दुकानात फोन काढला, आवाज मोठा केला आणि आईला म्हणाली, काकू, हे ऐकलं का, तुमच्यासारख्याच दुकानावर गाणं आहे. आईने पायाखालची मशीन सुरू केली आणि ती क्लिप संपेपर्यंत थांबवली नाही.